५०० दिसला की आधी लॉग उघडा

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय इतक्या वेळा आलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून सगळी जागा त्यालाच देतेय. साइट उघडायला जावं तर समोर 'इंटर्नल सर्व्हर एरर' आणि खाली कारण म्हणून काहीच नाही. पत्रं थोडी कापून छापलीत, नावं काढलीत.

प्रश्न: आमच्या वाचनालयाची वर्डप्रेसवर साइट आहे, काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका मुलाने करून दिली होती, तो आता बेंगळुरूला असतो. होस्टिंगवाल्यांचा मेल आला की आम्ही पीएचपी अपग्रेड करतोय, आणि त्यानंतर साइट बंदच, नुसतं ५०० येतंय. फोन केला तर म्हणतात सर्व्हर चालू आहे, तुमच्या कोडमध्ये प्रॉब्लेम आहे. पुस्तकांची यादी, सभासदांची माहिती सगळं त्यातच आहे. डेटा गेला का?
— वाचनालयाचे सचिव, चिपळूण

उत्तर: सर, आधी मनावरचं ओझं उतरवते, डेटा गेलेला नाही. पुस्तकांची यादी आणि सभासद हे सगळं मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असतं आणि पीएचपीचं (साइटचा कोड ज्या भाषेत लिहिलाय तिचं) व्हर्जन बदललं म्हणून त्यातली एकही नोंद हलत नाही, बंद पडलाय तो ती माहिती वाचून पान तयार करणारा कोड. तरीपण पुढचं काहीही करण्याआधी सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) जाऊन पीएचपीमायअॅडमिन (डेटाबेस बघायचं साधन) उघडा आणि डेटाबेस एक्स्पोर्ट करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा. साइट बंद असली तरी हे चालतं. हे झाल्याशिवाय खालचं काही करू नका, प्लीज.

आता ५०० बद्दल. एचटीटीपीमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायच्या नियमांमध्ये) ४ ने सुरू होणारे कोड म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूला काहीतरी चुकलंय (४०४ सगळ्यांना माहितीये), आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे सर्व्हरच्या बाजूला. त्या पाचाच्या घरातला ५०० हा सगळ्यात मोघम कोड आहे, नियमात त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरला अनपेक्षित अडचण आली आणि काम पूर्ण करता आलं नाही. कारण पानावर दाखवत नाहीत ते मुद्दाम, कारण त्यात फाइलींचे रस्ते असतात, कधी डेटाबेसच्या युजरचं नाव असतं, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणं धोक्याचं. पण कारण लिहिलेलं असतंच, एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर झालेल्या चुका वेळेसकट नोंदवतो त्या फाइलमध्ये. म्हणून ५०० चं पान बघून अंदाज बांधत बसण्यात काही अर्थ नाही, इंटरनेटवर '५०० कसा घालवायचा' म्हणून दहा उपाय सापडतात आणि लोक ते दहाच्या दहा करून टाकतात, मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हेच कळेनासं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तासभराचं काम त्यामुळे आठवड्यावर जातं.

सीपॅनेलमध्ये 'मेट्रिक्स' नावाचा भाग आहे, त्यात 'एरर्स' वर क्लिक करा. तिथे काही नसेल तर फाइल मॅनेजरमधून पब्लिक_एचटीएमएल फोल्डरात 'एरर_लॉग' नावाची फाइल शोधा, आणि नसेल तर डब्ल्यूपी-अॅडमिनच्या आत बघा. मग दुसऱ्या टॅबमध्ये साइट उघडा, ५०० येऊ द्या, घड्याळात वेळ बघा, आणि लॉगमध्ये त्याच वेळेची ओळ शोधा. वेळ जुळत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच सर्व्हरवर लॉग यूटीसीमध्ये असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, रात्री ९ ला केलेली गोष्ट तिथे दुपारी ३:३० ची दिसेल.

ओळीत वेळेच्या पुढे 'पीएचपी फेटल एरर' असं असेल. 'वॉर्निंग', 'नोटीस', 'डेप्रिकेटेड' अशा ओळींचा ढीगही असतो पण त्या सहसा साइट पाडत नाहीत, सोडून द्या. फेटलच्या ओळीत काय चुकलं, कुठल्या फाइलमध्ये आणि कितव्या ओळीवर हे तिन्ही दिलेलं असतं. तुमच्या बाबतीत बहुतेक 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' असं काहीतरी दिसेल. जुन्या कोडमध्ये वापरलेली मायएसक्यूएल_कनेक्ट वगैरे फंक्शन्स पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ लाच काढली गेली, आणि क्रिएट_फंक्शन, ईच ही ८.० मध्ये गेली, ते नोव्हेंबर २०२० ला आलं. रिकाम्या व्हॅल्यूवर काउंट केलं तर आधी नुसती वॉर्निंग यायची, ८ मध्ये तिथेच सगळं थांबतं. फाइलच्या रस्त्यात 'प्लगइन्स' नंतर जे फोल्डरचं नाव आहे तोच दोषी प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडलेली सोय), 'थीम्स' असेल तर थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग).

आता दुरुस्ती. सीपॅनेलमध्ये 'मल्टीपीएचपी मॅनेजर' दिसत असेल आणि जुनं व्हर्जन अजून निवडता येत असेल तर तात्पुरतं त्यावर जा, साइट परत येईल, मग आत लॉगिन करून वर्डप्रेस, थीम, प्लगइन सगळं अपडेट करा आणि पुन्हा नव्या व्हर्जनवर या. तात्पुरतंच बरं का, पीएचपी ७.४ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबलंय, त्यामुळे होस्टिंगवाल्यांनी अपग्रेड केलं हे बरोबरच केलं, फक्त आधी तुमच्याकडून तपासून घ्यायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. जुनं व्हर्जन मिळत नसेल तर फाइल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, पुढे 'बंद' वगैरे काहीही जोडा, वर्डप्रेसला तो सापडला नाही की तो त्याच्याशिवाय चालू होतो. प्लगइनची सेटिंग डेटाबेसमध्ये असतात, ती जात नाहीत. कुठला ते कळतच नसेल तर आख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलून बघा.

आणि एक, वर्डप्रेस ५.२ पासून (मे २०१९) अशी फेटल एरर आली की अॅडमिनच्या ईमेलवर एक मेल जातो, त्यात रिकव्हरी मोडची लिंक असते आणि कुठल्या प्लगइनमुळे झालं तेही लिहिलेलं असतं. तुमच्या साइटवर अॅडमिनचा ईमेल बहुधा त्या मुलाचाच असेल, त्याला फोन करून इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघायला सांगा. साइट सुरू झाली की तो ईमेल वाचनालयाचा करून घ्या. कोणी तुम्हाला डब्ल्यूपी_डीबग (वर्डप्रेसची चुका दाखवायची सेटिंग) चालू करायला सांगितलं तर करा, पण डिस्प्ले बंद ठेवून, आणि त्यातून डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये तयार होणारी डीबग.लॉग ही फाइल काम झाल्यावर काढून टाका, साध्या होस्टिंगवर ती ब्राउझरमधून कोणालाही वाचता येते. तुमच्याकडे सभासदांचे फोन नंबर आहेत म्हणून हे आवर्जून सांगतेय.

प्रश्न: माझी स्वतःची साइट नाहीये. मुलीच्या अॅडमिशनचा फॉर्म भरत होते, फी कापली गेली आणि लगेच ५०० आला. माझ्या मोबाइलमध्ये काही बिघाड आहे का? परत भरू का?
— एक पालक, लातूर

उत्तर: ताई, मोबाइल ठीक आहे, बिघाड त्यांच्या सर्व्हरवर आहे. परत भरू नका आणि ते पान रिफ्रेशही करू नका, कारण काही साइट्सवर रिफ्रेश केल्याने तोच फॉर्म पुन्हा जातो आणि दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ शकतात. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, ५०० च्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या ज्यात वरचा पत्ता पूर्ण दिसेल, आणि नेमकी वेळ मिनिटासकट लिहा. मग नवीन टॅबमध्ये लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा, पुष्कळदा पैसे नोंदले गेलेले असतात आणि फक्त शेवटचं पावतीचं पान फुटलेलं असतं. नोंद नसेल तर हेल्पलाइनला ही तिन्ही माहिती मेलने पाठवा. वेळ दिलीत तर त्यांच्या माणसाला लॉगमध्ये तुमची ओळ पटकन सापडते, नुसतं 'साइट चालत नाही' लिहिलं तर कोणालाच काही करता येत नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएचपीमध्ये प्रोजेक्ट केलाय, लॅपटॉपवर झॅम्पमध्ये एकदम नीट चालतो. उबुंटूचा एक छोटा सर्व्हर घेऊन त्यावर टाकला तर ५००. मित्र म्हणाला सगळ्या फोल्डरला ७७७ दे, दिलं, तरी तेच. सबमिशन जवळ आलंय.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: पहिलं काम, ते ७७७ काढ. त्याने सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला तुझ्या फाइली बदलायची मुभा मिळते, आणि शेअर्ड होस्टिंगवर जिथे सूएक्झेक (प्रत्येक खात्याचा कोड त्याच्याच युजरच्या नावाने चालवणारी सोय) असतं तिथे तर उलट ७७७ मुळेच ५०० येतो कारण ते अशी उघडी फाइल चालवायलाच नकार देतं. फोल्डर ७५५, फाइली ६४४, आणि जिथे अपलोड होतात तेवढ्या फोल्डरची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरला दे. परमिशनचा प्रॉब्लेम असेल तर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' असं स्पष्ट येतं, ते नसेल तर परमिशनला हात लावायचं कारण नाही.

लॅपटॉपवर चालतं आणि तिथे नाही याचं अर्धं उत्तर असं की झॅम्पमध्ये डिस्प्ले_एरर्स चालू असतं, चूक झाली की ती स्क्रीनवर छापली जाते. सर्व्हरवर ते बंद असतं, त्यामुळे फेटल एरर आली की पीएचपी रिकामं पान देतं आणि स्टेटस ५०० लावतं. दोन टर्मिनल उघड, एकात व्हार मधल्या लॉग मधल्या अपाचे२ फोल्डरातली एरर.लॉग ही फाइल 'टेल -एफ' ने लावून ठेव, आणि मग ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश कर. त्याच क्षणी ओळ पडेल. ती वाच, पूर्ण वाच, गुगलमध्ये टाकायच्या आधी स्वतः वाच.

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या प्रोजेक्टमध्ये नेहमी सापडणाऱ्या गोष्टी सांगते. 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम' किंवा 'नो सच फाइल' आलं तर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघ, तू रिक्वायरमध्ये हेडर कॅपिटल एचने लिहिलंयस आणि फाइल स्मॉल एचने सेव्ह आहे, विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. 'इनव्हॅलिड कमांड रीराइटइंजिन' आलं तर अपाचेचं (तुझ्या वेब सर्व्हरचं) रीराइट, म्हणजे आलेला पत्ता बदलून दुसरीकडे वळवणारं मॉड्यूल चालू नाहीये, 'ए२एनमॉड रीराइट' चालव आणि अपाचे रीस्टार्ट कर. 'इनव्हॅलिड कमांड पीएचपी_व्हॅल्यू' आलं तर तुझ्या डॉट एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरापुरती अपाचेची सेटिंग असलेल्या फाइलमध्ये) पीएचपीची सेटिंग लिहिलीयेत आणि सर्व्हरवर पीएचपी एफपीएममधून, म्हणजे अपाचेच्या बाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतंय, तिथे ती ओळ चालतच नाही, ती काढून डॉट यूझर डॉट आयएनआय नावाच्या फाइलमध्ये टाक, आणि बदल लागू व्हायला ५ मिनिटं लागू शकतात कारण ती फाइल तेवढ्या वेळाने परत वाचली जाते, लगेच दिसलं नाही म्हणून अजून काही बदलत बसू नकोस. 'क्लास मायएसक्यूएलआय नॉट फाउंड' असेल तर पीएचपी-मायएसक्यूएल पॅकेज टाकायचं राहिलंय.

'रिक्वेस्ट एक्सीडेड द लिमिट ऑफ १० इंटर्नल रीडायरेक्ट्स' असं दिसलं तर रीराइटचा नियम स्वतःलाच परत परत बोलावतोय, अपाचे दहा वेळा सहन करतं आणि मग ५०० देऊन मोकळं होतं. नियमाच्या वर 'ही फाइल खरोखर अस्तित्वात असेल तर हात लावू नको' अशी अट घाल.

'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' ने 'सिंटॅक्स ओके' दिलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, ते मुख्य कॉन्फिग तपासतं, डॉट एचटीअॅक्सेस तपासत नाही. ती फाइल प्रत्येक रिक्वेस्टला वाचली जाते आणि चुकीची असेल तर त्या फोल्डरातल्या प्रत्येक पानाला ५००, अगदी साध्या चित्रालासुद्धा. यावरूनच एक झटपट चाचणी निघते, त्याच फोल्डरात नुसतं 'नमस्कार' लिहिलेली एचटीएमएल फाइल टाकून उघड. तिलाही ५०० आला तर चूक सर्व्हरच्या किंवा डॉट एचटीअॅक्सेसच्या पातळीवर, ती उघडली तर चूक तुझ्या पीएचपीत. आणि व्हॉट्सअॅपवरून कोड कॉपी केला असशील तर अवतरण चिन्हं तपास, ती वळलेली असली तर पीएचपीला ती अवतरण चिन्हं वाटतच नाहीत.

प्रश्न: आमच्या दिवाळी अंकासाठी कविता ऑनलाइन मागवतो, फॉर्म आमच्याच एका कार्यकर्त्याने पीएचपीत लिहिलाय. बहुतेकांच्या कविता येतात, काही जणांना मात्र ५०० येतो, त्यांनीच परत पाठवली तरी येतो. गेल्या वर्षी असं होत नव्हतं, यंदा सर्व्हर नवीन घेतला. मराठी फॉन्टमुळे होत असेल का?
— संपादक मंडळ, नाशिक

उत्तर: या पत्राने खूप आनंद झाला, कारण यात आपल्या लिपीशी थेट संबंध असलेली गोष्ट आहे आणि ती मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. फॉन्टचा दोष नाही. माझा अंदाज, ज्यांना ५०० येतोय त्यांनी कवितेच्या खाली किंवा नावापुढे इमोजी टाकलेत. लॉगमध्ये 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' आणि १३६६ हा क्रमांक दिसला तर अंदाज पक्का समजा.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाने जो कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) वर्षानुवर्षं वापरला गेला तो पूर्ण यूटीएफ-८ नाहीच, तो एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे क, काना, वेलांटी, हलन्त, हे बरोबर ३ बाइटचं असतं, त्यामुळे मराठी मजकूर त्यात व्यवस्थित बसतो आणि वाटतं की सगळं ठीक आहे. बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात, ते बसत नाहीत. पूर्ण सेट म्हणजे यूटीएफ८एमबी४, तो मायएसक्यूएल ५.५.३ पासून, २०१० मध्ये आला, आणि ८.० पासून तोच आपोआप असतो, पण तुम्ही जुन्या सर्व्हरवरचं टेबल जसंच्या तसं आणलं असणार त्यामुळे टेबल जुन्याच सेटवर राहिलं.

मग गेल्या वर्षी का नव्हतं होत? इथे जरा काळजीची बाब आहे. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न बसणारी माहिती नाकारणारी सेटिंग) ५.७ पासून मुळातच चालू असतो, त्याआधी किंवा तो बंद ठेवला असेल तर न बसणारं अक्षर आलं की डेटाबेस तिथून पुढचा मजकूर गुपचूप कापून टाकायचा आणि फक्त एक वॉर्निंग द्यायचा जी कोणी वाचत नाही. म्हणजे गेल्या वर्षी कविता 'आल्या', पण ज्यांनी मधे इमोजी टाकला त्यांच्या कविता अर्ध्याच साठवल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. त्यात नव्या सर्व्हरवर पीएचपी ८.१ किंवा पुढचं असेल तर मायएसक्यूएलआय आता चूक झाली की थेट एक्सेप्शन फेकतं, कोडने ते पकडलं नाही की ५००. म्हणून या ५०० वर रागावू नका, त्याच्यामुळे आता निदान कळतंय. मागच्या वर्षीच्या नोंदींमध्ये एकदम तुटलेल्या कविता आहेत का ते नक्की बघा, आणि असतील तर त्या कवींना विचारा, त्यांची कविता आहे ती.

दुरुस्ती करताना क्रम पाळा. मायएसक्यूएलडंपने बॅकअप. मग टेबलातला मराठी मजकूर पीएचपीमायअॅडमिनमध्ये थेट वाचता येतोय का बघा. वाचता येत असेल तर 'ऑल्टर टेबल' ची 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' ही कमांड चालवा. पण तिथे अक्षरांऐवजी परदेशी दिसणारा कचरा असेल आणि साइटवर मात्र मराठी नीट दिसत असेल तर थांबा, तुमचं टेबल बहुधा लॅटिन१ (युरोपीय लिपीचा जुना कॅरेक्टर सेट) म्हणून नोंदलेलं आहे आणि आत यूटीएफ-८ कोंबलंय, सरळ कन्व्हर्ट केलंत तर मजकूर कायमचा त्या कचऱ्यासारखाच होऊन बसेल. अशा वेळी रकाना आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट, पण हे टेबलाच्या कॉपीवर करून बघा. बदलताना 'स्पेसिफाइड की वॉज टू लाँग' आलं तर जुन्या प्रकारच्या टेबलात इंडेक्सला (पटकन शोधण्यासाठीच्या सूचीला) ७६७ बाइटची मर्यादा असते, २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५ बसायची, गुणिले ४ बसत नाही, तो इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांपुरता ठेवा. शेवटी कोडमध्ये कनेक्शन उघडल्या उघडल्या सेट_चारसेट करून तिथेही यूटीएफ८एमबी४ द्या. टेबल बदललं आणि कनेक्शन जुनंच राहिलं तर इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतील किंवा तीच १३६६ परत येईल, आणि हीच पायरी लोक विसरतात.

प्रश्न: आम्ही अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाचं तिकीट विक्रीचं पोर्टल बघतो, एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम, २ जीबी रॅम. एरवी छान. भारतातून नाटक आलं आणि विक्री सुरू केली की पहिल्या पाच मिनिटांत ५०२, ५०४, मधेच ५००, सगळं मिसळून. सर्व्हर मोठा घ्यायला मंडळाकडे फार पैसे नाहीत.
— एक स्वयंसेवक, न्यू जर्सी

उत्तर: हे तीन आकडे वेगवेगळं सांगतायत. ५०२ म्हणजे एनजिनएक्सने (पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरने) मागे पीएचपीकडे विचारलं आणि तिथून धड उत्तर आलं नाही किंवा तिथे कोणी नव्हतंच, ५०४ म्हणजे वाट बघून कंटाळला (मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद), आणि ५०० म्हणजे पीएचपीने काम सुरू केलं पण मधे कोसळलं.

एफपीएमच्या लॉगमध्ये 'सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन' अशी ओळ नक्की असणार. उबुंटू-डेबियनवर हा आकडा मुळात ५ असतो, म्हणजे एका वेळी पाचच लोकांचं काम, बाकीचे रांगेत. तो वाढवायचा, पण हिशेब करून. चालू प्रोसेस किती मेमरी खातेय ते 'पीएस' ने बघा, समजा ६० एमबी, आणि मायएसक्यूएल व बाकी सिस्टमला ८०० एमबी सोडली तर उरलेल्या साधारण १२०० मध्ये २० बसतात. थेट १०० लिहिलंत तर गर्दीच्या वेळी रॅम संपेल आणि लिनक्सचा कर्नल मेमरी मोकळी करायला जी प्रोसेस मोठी दिसेल तिला मारून टाकेल, ती बहुतेक वेळा मायएसक्यूएलच असते. तुमचे ५०० तिथूनच येत असतील. 'डीमेसेज' मध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' शोधा.

६० सेकंदांचे ३०० करू नका, त्याने प्रत्येक अडकलेली प्रोसेस अजून चार मिनिटं जागा धरून बसते. त्याऐवजी वेळ कुठे जातोय ते शोधा, एफपीएममध्ये स्लोलॉग चालू करता येतो, तुम्ही ठरवाल त्यापेक्षा, समजा ५ सेकंदांपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक रिक्वेस्टचा माग तो लिहून ठेवतो. तिकिटाचं पीडीएफ तयार करणं आणि मेल पाठवणं हे तुम्ही पेमेंटच्या त्याच रिक्वेस्टमध्ये करत असाल तर ते बाहेर काढा, टेबलात नोंद करा आणि दर मिनिटाला क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीने) पाठवा. माणसाला तिकीट एक मिनिट उशिरा मिळालं तरी चालतं. आणि प्रत्येक ऑर्डरला पेमेंटच्या आधीच एक युनिक नंबर द्या, म्हणजे ५०४ बघून कोणी परत बटन दाबलं तरी त्याच्या कार्डावर दोनदा बोजा पडणार नाही. पैसे आले की नाही हे ब्राउझर परत येण्यावर ठरवू नका, गेटवेच्या वेबहुकवर (गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला पाठवतो त्या निरोपावर) ठरवा.

प्रश्न: आमच्या क्लासच्या साइटवर लॉगिन केलं की ५००, बाकी पानं चालतात. लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय पण डिस्क तर निम्मी रिकामी दाखवतेय!
— क्लास संचालक, कोल्हापूर

उत्तर: लॉग बरोबर सांगतोय, 'डीएफ -आय' चालवून बघा. डिस्कवर जागेसारखीच फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, आयनोड म्हणतात त्यांना, ते १०० टक्के झाले की जागा असूनही नवीन फाइल बनत नाही. लॉगिनला सेशनची (कोण आत आलंय ते लक्षात ठेवणारी) फाइल बनवावी लागते म्हणून तिथेच फुटतंय. तुमच्या डेव्हलपरने कोडमध्ये सेशनचं फोल्डर स्वतःचं दिलंय का विचारा. डेबियन-उबुंटूवर पीएचपीची स्वतःची सेशन-सफाई बंद ठेवलेली असते आणि ते काम सिस्टम ठरावीक वेळाने वेगळ्या स्क्रिप्टने करते, पण ती स्क्रिप्ट सिस्टमला माहीत असलेल्याच फोल्डरात जाते, कोडमध्ये परस्पर दिलेल्या फोल्डरात जात नाही. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक भेटीची फाइल साठत राहते.

फोल्डर उघडून साधं 'आरएम' स्टार लावून पुसायला गेलात तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून नकार मिळेल. 'फाइंड' कमांड वापरा, एका दिवसापेक्षा जुन्या म्हणजे '-एमएमिन +१४४०', सोबत फाइलच निवडायला '-टाइप एफ', आणि शेवटी '-डिलीट'. '-डिलीट' शेवटीच, ते आधी लिहिलं तर अट न बघता पुसतं. आधी '-डिलीट' शिवाय चालवून यादी नजरेखालून घाला. लाखो फाइली असतील तर वेळ लागेल, परीक्षेच्या दिवशी करू नका. मग तीच ओळ रोज पहाटे क्रॉनला लावा, किंवा सेशनचं फोल्डर सिस्टमच्या मूळ जागी परत न्या, मी दुसरा मार्ग निवडेन.